वाहनाचा शृंगार

जबलपूरजवळ भेडाघाटच्या टेकडीवर, चौसष्ट योगिनींच्या वर्तुळाकार प्रांगणात, गौरीशंकराचे मंदिर आहे. तेथील शिवपार्वती नंदीवर आरूढ आहेत. आपल्याकडे देवाचीसुद्धा ओळख वाहनावरून पटते. मोर दिसला की कार्तिकेय, उंदीर दिसला की गणपती! मग माणसाने आपल्या मोटरसायकलीवर स्वतःची खूण उमटवावी, यात नवल ते काय?

श्रोतेहो, ही हौस मुळात शेतकऱ्याच्या अंगणातली. पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लागतो, पाठीवर झूल चढते, कपाळावर बाशिंग येते. वर्षभर ज्याने भार वाहिला त्याचे ते कौतुक असते. दसऱ्याला मोटरसायकलीच्या हँडलला झेंडूची माळ पडते, ती याच भावनेने.

जबलपुरात या हौसेला आणखी एक अर्थ येतो. येथे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. तेथे बनलेले शक्तिमान ट्रक सारे एकासारखे एक. शिपायाप्रमाणे त्याच्या गाडीनेही आपले वेगळेपण विसरावे, ही सैन्याची शिस्त. तो ऑलिव्ह हिरवा रंग १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी नागरिकांच्या गाड्यांना वर्ज्यच केला आहे. दिवसभर अशी एकरंगी वाहने जोडणाऱ्या कामगाराला आपल्या दुचाकीवर एखादी रेघ तरी स्वतःची असावी असे वाटले, तर ती चैन म्हणता येणार नाही.

एका रेघेचेही मोल मोठे असते. बुलेटच्या टाकीवरील सोनेरी रेघा मद्रासच्या तिरुवोट्टियूर येथील कारखान्यात कारागीर कुंचल्याने, हाताने ओढीत आले. हात थबकला की रेघ बिघडली! म्हणूनच दोन टाक्या तंतोतंत सारख्या नसत.

आपण सजवू लागलो, की प्रथम जागा पाहावी. टाकी, बाजूची झाकणे आणि मडगार्ड एवढीच काय ती आपली पाटी. टाकीवर पेट्रोल सांडते. तेव्हा चित्रावर पारदर्शक रोगणाचा पक्का थर हवा. मग आवड निवडावी, आणि एकच निवडावी. गाण्याच्या वेड्याने तंबोरा काढावा, पक्षी पाहणाऱ्याने नर्मदाकाठचा खंड्या. सगळ्याच आवडी एका टाकीवर मांडल्या, तर तिचे जत्रेतले दुकान होते.

काही जागा मात्र आपल्या नव्हेत. दिव्याच्या काचेवर रंगीत कागद चिकटवला, तर समोरचा खड्डा दिसत नाही. क्रमांकाची अक्षरे नक्षीदार केली, तर अपघातानंतर गाडी ओळखता येत नाही. सायलेन्सर पोकळ केला, तर आजाऱ्याची झोप मोडते. गाडी आपली असली, तरी रस्ता चारचौघांचा आहे.

शिंगे रंगवताना शेतकरी बैलाच्या डोळ्यांत रंग जाऊ देत नाही. मोटरसायकल सजवणाऱ्याने तेवढे त्याच्याकडून शिकावे.