वजन उतरवायचे, पण उपाशी राहून नव्हे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर खाण्यापिण्याचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण घरातल्या कमावत्या माणसाला चाळिशीतच मधुमेह किंवा रक्तदाब जडला, तर औषधांचा खर्च बहुधा मुलांच्या शिक्षणाच्या पैशातूनच निघतो. म्हणून हा विषय शाळेचाही आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के जादा वजनाचे आढळले. याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया कृशही होत्या. तेव्हा आधी आपण कोणत्या गटात आहोत ते पाहावे. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की तो सावधगिरीचा इशारा समजावा. पोटाभोवती साठणारी चरबी मधुमेहाला वाट करून देते.

वजन उतरवायचे म्हटले की पुष्कळजण भात सोडतात किंवा एका वेळचे जेवणच टाळतात. आठ-दहा दिवस हे जमते, मग भूक दुप्पट सूड घेते. खरा हिशेब निराळा आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने सुमारे ४ उष्मांक देतात, तर एक ग्रॅम तेल किंवा तूप ९. म्हणून काटकसर प्रथम तेलात आणि साखरेत करावी.

साखरेचे पाहा. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक झाले. पोट मात्र रिकामेच! तीनशे मिलिलिटर थंड पेयाच्या बाटलीतही सुमारे सहा चमचे साखर असते. चहातली साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करा, जिभेला कळणारही नाही.

तेलासाठी भगिनींना एक सोपी युक्ती सांगते. दिवसाला माणशी चार चहाचे चमचे, म्हणजे २० ग्रॅम धरले, तर पाच माणसांच्या घराला महिन्याला ३ किलो तेल पुरते. महिन्याच्या सुरुवातीला तेवढेच वेगळे काढून ठेवा. पंधराव्या दिवशी डबा संपला, तर चूक कुठे आहे ते समजेल.

आता ताटाकडे वळू. महागड्या डब्यांतल्या पावडरी आणि परदेशी फळे यांची मुळीच गरज नाही. अर्धे ताट भाजीचे असावे : मेथी, माठ, दुधी, पडवळ, गवार, काकडी, मुळा, जे स्वस्त असेल ते. पाव ताट भात किंवा भाकरी. उरलेले पाव ताट डाळ, कुळीथ, मटकी, अंडे किंवा मासळी. शंभर ग्रॅम मासळीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि प्रथिनांनी पोट बराच वेळ भरलेले राहते. मात्र तोच बांगडा तेलात तळण्याऐवजी चिंचेच्या कालवणात शिजवावा आणि नारळाचा जाड रस बेताने घालावा. नाचणीची भाकरी अवश्य खावी, तिच्यात कॅल्शियम आणि चोथा भरपूर आहे. पण तिचे उष्मांक तांदळाच्या जवळपासच असतात. नाचणी आहे म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या, तर वजन हलणार नाही.

दावतीची बिर्याणी वर्ज्य नाही. आधी कोशिंबीर घ्यावी, बिर्याणी एकदाच वाढून घ्यावी. इफ्तारला खजूर, पाणी आणि फळे पुरेशी आहेत. भजी-समोसे रोजचे नसावेत, एखाद्या दिवशी चालतील. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजे धरण्यापूर्वी आणि जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच.

मातांना एक विनंती आहे. मुलांनी टाकलेला घास वाया जाऊ नये म्हणून आपण तो खाता आणि स्वतः सर्वांच्या शेवटी, उरलेल्या भातावर भागवता. भाजी आणि मासळीचा आपला वाटा आधीच बाजूला काढून ठेवा.

विद्यार्थ्यांनो, वाढत्या वयात कुणाचे पाहून उपाशी राहू नका. विशेषतः मुलींनी दूध, डाळ, अंडी सोडू नयेत. तुम्ही फक्त बाटलीतली पेये आणि पाकिटातले तळलेले पदार्थ सोडा आणि रोज तासभर मैदानावर घाम गाळा.

आठवड्याला अर्धा किलो वजन उतरले तरी पुष्कळ झाले. एका महिन्यात दहा किलो उतरवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. आजपासून तेल आणि साखर यांचा घरी हिशेब ठेवलात, तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.