शिक्षा, अभ्यास आणि उजळणी
(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात जुन्या गणेशोत्सवांच्या, नाटकांच्या आणि हळदीकुंकवांच्या आठवणी सांगणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. आमच्या वाट्याला मात्र कार्यकारिणीने परीक्षेचा विषय दिला. सणाच्या पंगतीत कारल्याची भाजी वाढण्याचे हे काम आहे. तरीही ती पथ्याची भाजी आहे, एवढ्या भरवशावर आम्ही उभे आहोत.

आरंभी दोन शब्दांची गंमत सांगतो. महाराष्ट्रातून नव्याने जयपुरास आलेला माणूस 'माध्यमिक शिक्षा बोर्ड' ही अक्षरे वाचून क्षणभर दचकतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. अजमेरच्या त्या बोर्डाचा यात काही दोष नाही. परंतु मूल दहावीत गेले की आपल्या घराघरांतून त्या शब्दाचा मराठी अर्थच खरा होऊ लागतो, हे आपण नाकारू शकू काय?

दुसरा शब्द अभ्यास. येथे आमची भाषा हिंदीपुढे थोडी उणी पडते. हिंदीत अभ्यास म्हणजे सराव, एखादी गोष्ट पुनःपुन्हा करणे. संस्कृतातही तोच अर्थ आहे. मराठीत मात्र 'मुलगा अभ्यासाला बसला आहे' एवढे म्हटले की आपले समाधान होते. तो पुस्तक पुढे घेऊन बसला आहे, इतकेच आपण पाहिलेले असते. बसणे आणि अभ्यास यांतील हे अंतर ओळखण्यास आम्हां शिक्षकांनाही एक वर्ष लागले. त्या वर्षाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आपल्यापैकी कित्येकांची बिऱ्हाडे चारदीवारीत आहेत. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेले, सरळ रस्त्यांचे आणि चौकड्यांचे हे नगर २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. पाहुणे त्याचे गुलाबी दर्शनी रूप पाहतात; त्या रूपाच्या मागे, एका चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे असलेल्या जुन्या हवेल्यांत मुले कशी अभ्यास करतात, ते आपण पाहतो. खाली दुकान, वर दोन खोल्या. संक्रांतीच्या आधीपासून गच्च्यांवर पतंग. मग लग्नसराईचे बँड. ज्यांचे मूळ गाव विटा, खानापूर, आटपाडीकडे आहे आणि सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय ज्यांना इतक्या दूर घेऊन आला, त्या कुटुंबांत भट्टी आणि पाटी यांत हाताचेच अंतर असते.

अशा मुलांसाठी आम्ही तिघा निवृत्त शिक्षकांनी सायंकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. एका सभासदांनी खोली दिली, दुसऱ्यांनी सतरंज्या दिल्या. पहिल्या वर्षी आमचा नियम एकच होता : तीन तास शांत बसून वाचावयाचे. मुले गुणी होती. ती वाचीत, ओळींखाली रेघा ओढीत, चौड्या रास्त्यावरून आणलेल्या पासबुकांतली उत्तरे पुनःपुन्हा वाचीत. (राजस्थानात मार्गदर्शकाला पासबुक म्हणतात, पैसे न भरता शिल्लक वाढविण्याची आशा या नावातच आहे.) आम्ही ती शांतता पाहून संतुष्ट होतो.

अर्धवार्षिक परीक्षेचे गुण आले आणि आमचे समाधान संपले. सर्वांत अधिक वाचणारा नववीतला एक मुलगा गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांत अनुत्तीर्ण झाला. 'मला सगळे येत होते, पेपर हातात आल्यावर आठवले नाही', एवढेच तो सांगू शकला. दुसऱ्या दिवसापासून तो वर्गाला आला नाही. आठवड्याने आम्ही त्याच्या वडिलांकडे गेलो, तेव्हा तो भट्टीपाशी बसलेला दिसला. वडील म्हणाले, "याच्या नशिबात शाळा नाही. मार्चनंतर इथंच बसवतो."

आम्ही मुलाची बाजू मांडू लागलो : तो प्रामाणिक आहे, रोज तीन तास वाचतो, वगैरे. गृहस्थ सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, गिऱ्हाइकाचं सोनं आम्ही नुसतं बघून घेतो का? दगडावर घासतो, तेजाब लावतो, मग भाव बोलतो. हा वाचतो म्हणता, पण तुम्ही कधी घासून बघितलं का?"

आम्ही निरुत्तर झालो. तीस-पस्तीस वर्षे अध्यापनात घालविलेल्या माणसांना कसोटीच्या दगडाचा अर्थ एका कारागिराने शिकविला. वर्षभर आम्ही मुलांना सोने दुरून दाखवीत होतो. कस लावण्याचे काम परीक्षकावर टाकले होते.

त्यानंतर आम्ही जे वाचले, त्यात या गृहस्थांच्या बोलण्याला शास्त्राचा आधार मिळाला. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करून ती किती लवकर विसरतात हे तो मोजीत असे. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत अधिक असतो, पुढे तो मंदावतो, असे त्याला आढळले. दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे : एका दिवसात केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधले. जवळजवळ निम्मे श्रम वाचले, केवळ वाटणी बदलल्याने.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली आणखी एक प्रयोग मांडला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचला आणि मग तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्यानंतर मात्र दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवले. आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आमच्या त्या विद्यार्थ्याचे कोडे येथे उलगडले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. रस्त्यावर भेटणारा चेहरा ओळखीचा असतो, पण नाव विचारले तर सांगता येत नाही, तसाच हा प्रकार. डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा रीती तपासल्या. रेघा ओढणे आणि नुसते पुन्हा वाचणे या रीती त्यांना कमी उपयोगाच्या वाटल्या; स्वतःची परीक्षा घेणे आणि उजळणी अंतराने वाटून करणे या दोन रीतींना त्यांनी वरचे स्थान दिले.

आपल्या वाडवडिलांना हे अगदीच अज्ञात नव्हते. दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा म्हणण्याची रीत घराघरांत होती. पाढे, पावकी, निमकी पुस्तकात न पाहता, मोठ्यांच्या समोर, रोज म्हणावयाची, असा तो नियम. आणि 'पुढचे पाठ, मागचे सपाट' ही म्हण ज्यांनी घडविली, त्यांना विस्मरणाची चाल चांगलीच ठाऊक होती. उजळणी हा आमचा शब्दही पाहा. तो उजळण्यावरून आला. भांडे एकदाच घासून कायमचे उजळत नाही. ते थोडे काळवंडले की पुन्हा हात फिरवावा लागतो.

आता दुसऱ्या वर्षापासून आम्ही काय बदलले, ते सांगतो. घरी करता येईल असेच सारे आहे.

तीन तासांचे आम्ही पाऊण-पाऊण तासाचे भाग केले, मध्ये थोडी विश्रांती ठेवली. प्रत्येक भागाचा शेवट पुस्तक मिटून व्हावयाचा. कोऱ्या कागदावर, जे वाचले ते आठवेल तसे लिहावयाचे. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरावयाचे. प्रारंभी कागद लाल होतो आणि मूल हिरमुसते. त्याला सांगावे की ही लाली परीक्षकाच्या नव्हे, तुझ्याच लेखणीची आहे. ती आज दिसली हे भाग्य.

प्रत्येक मुलाला उजळणीची एक वही दिली. धडा झाला की समासात तारीख; मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्याच धड्यावर दहा मिनिटे. नवा धडा घेण्याआधी जुन्याची ही थकबाकी फेडावयाची. गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणे सलग न सोडविता निरनिराळ्या प्रकरणांतली मिसळून द्यावयाची. परीक्षेत उदाहरणाच्या डोक्यावर प्रकरणाचे नाव लिहिलेले नसते. कोणती रीत लावावी, हे ओळखणे हीच अर्धी परीक्षा असते. चुकांची वही वेगळी ठेवली. शेवटच्या दोन महिन्यांत मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, एका बैठकीत सोडविल्या. मोबाईल दुसऱ्या खोलीत. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण नाही, कारण दिवसा शिकलेले मनात घट्ट बसण्यास झोपेचे साहाय्य लागते. चारदीवारीत राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. बाजार उशिरा उघडतो. पहाटेचा एक तास येथे इतका शांत असतो की आमेरच्या डोंगरावरील मोराची केकाही ऐकू येईल असे वाटते. तो वाया घालवू नये.

पालकांना आम्ही काय सांगावे? आपल्यापैकी पुष्कळांची खंत आम्ही ऐकली आहे : 'पुस्तके हिंदीत, नाही तर इंग्रजीत, आमचे शिक्षण मराठीत, आणि तेही अर्धवट, आम्ही काय शिकविणार?' बंधुभगिनींनो, तुम्हांला शिकवावयाचे नाहीच. तुम्हांला ऐकावयाचे आहे. त्या गलाईवाल्या गृहस्थांनी तेच केले. रात्री दुकान बंद झाल्यावर मुलाचे पुस्तक ते आपल्या हातात घेत. हिंदीची लिपी आपलीच. धड्याखालचा प्रश्न ते वाचीत, मुलगा उत्तर देई, आणि ते पुस्तकात बोट ठेवून ताडून पाहत. विज्ञान त्यांना येत नव्हते, पण कुठे अडखळला ते कळत होते. पुस्तक इंग्रजी असेल तर मुलाने आईला तो धडा मराठीतून समजावून सांगावा. जे दुसऱ्या भाषेत सांगता येते, ते समजलेले असते. जे केवळ पाठ असते, ते दुसऱ्या भाषेत उतरत नाही. आपली मराठी मुलांच्या अभ्यासात अडचण होते, अशी ज्यांना भीती आहे, त्यांनी हा प्रयोग करून पाहावा. भाषाही टिकेल, धडाही.

एक पथ्य मात्र पाळावे. कस लावताना सोन्याला कोणी शिव्या देत नाही. उत्तर चुकले तर 'पुन्हा पाहा' एवढेच म्हणावे. शेजारच्या मुलाचे गुण मध्ये आणू नयेत. आमच्याच राजस्थानातील शिकवणीवर्गांच्या गावांतून कोवळ्या मुलांविषयी ज्या बातम्या येतात, त्या वाचून कोणाचे काळीज हलणार नाही? २०२४ च्या जानेवारीत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत घेऊ नये असे सांगितले. परंतु घरातला धाक कोणत्याही सूचनेने कमी होत नाही. तो आपणच कमी करावयाचा आहे.

आपल्या वेधशाळेतील सम्राट यंत्र आपण पाहुण्यांना दाखवितो. एरवी सूर्य हलताना डोळ्यांना दिसत नाही. पण त्या सत्तावीस मीटर उंचीच्या यंत्राची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, आणि जरा थांबून पाहिले तर ती चाल नजरेला पडते. मुलांनो, तुमची रोजची दहा मिनिटांची उजळणी अशीच आहे. पुढे सरकलो की नाही, हे तुम्हांलाच कळेनासे होते. म्हणून वहीत तारखा घाला. महिन्याने मागची पाने उलटा. लाल शाई कमी झालेली दिसेल.

तो मुलगा पुढे काय झाला, असे तुम्ही विचाराल. तो नववी उत्तीर्ण झाला आणि पुढल्या वर्षी दहावीत त्याला द्वितीय श्रेणी मिळाली. वर्तमानपत्रात छायाचित्र यावे असा काही हा पराक्रम नव्हे. निकालाच्या दिवशी त्याचे वडील पेढे घेऊन आले, तेव्हा आम्ही म्हणालो, "श्रेय तुमचे." ते हसले आणि म्हणाले, "माझं काय? मी फक्त दगड धरला होता."

हा दगड हाती धरणारे आईबाप आपल्या मंडळातील प्रत्येक मुलाला लाभोत, आणि 'शिक्षा' या शब्दाचा निदान परीक्षेपुरता तरी हिंदीतलाच अर्थ आपल्या घरांत नांदो, एवढी सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.