आधी एक पावसाळा

पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी मागे पडली की मोशी लागते. पुढे इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा आणि मग चाकण. चाकणच्या कारखान्यात कामाला लागलेला लातूरचा, बीडचा, जळगावचा किंवा यवतमाळचा मुलगा सुरुवातीला कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन राहतो. लग्न झालं की भाड्याची खोली घेतो. मूल शाळेत जायच्या वयाचं झालं की स्वतःचं घर हवं म्हणून शोधाला लागतो आणि हा शोध पुष्कळदा मोशीत येऊन थांबतो. आजचं बोलणं त्या मुलासाठी आहे, त्याच्या बायकोसाठी आहे आणि गावाकडे जमिनीचा तुकडा विकून त्याला पैसे पाठवणाऱ्या आईवडिलांसाठी आहे.

माझं सांगणं एकच आहे. जिथे घर घ्यायचं, त्या भागात आधी एक पावसाळा भाड्याने राहा.

मोशी, चिखली, चऱ्होली, डुडुळगाव ही गावं १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. तोवर इथे शेती होती. कोणत्या शिवारात पाणी साठतं, ओढा कुठून वाहायचा, इंद्रायणी फुगली की पाणी कुठवर चढतं, हे इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. बाहेरून आलेल्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो एप्रिल-मे महिन्यात सॅम्पल फ्लॅट बघतो आणि कोरड्या ठणठणीत जमिनीवर विश्वास टाकतो.

त्याची किंमत काय मोजावी लागते, हे शेजारच्या चिखलीत दिसलं. इंद्रायणीकाठी निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट पाडून विकले गेले. लोकांनी आयुष्याची पुंजी ओतून त्यावर बंगले बांधले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. लवादाने बांधकामं पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने तिथले ३६ बंगले जमीनदोस्त केले. नदी वाचली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण प्लॉट पाडणाऱ्याचा पैसा त्याच्या खिशात गेलेला असतो आणि उघड्यावर येतं ते विकत घेणारं कुटुंब, याचं मला मनापासून दुःख आहे.

या पूररेषा आधी समजून घ्या. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. लाल पूररेषा आणि रेड झोन या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेड झोन हा देहूरोडच्या आणि दिघीच्या लष्करी दारूगोळा कोठारांभोवतीचा प्रतिबंधित पट्टा. तळवडे, रुपीनगर, दिघी, भोसरी या बाजूंना तो अनेकांच्या घरांवरून गेला आहे. गट नंबर हातात घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि आपली जागा या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे ते नकाशावर पाहा. दलालाच्या तोंडी ग्वाहीला इथे काहीही किंमत नाही.

गुंठ्याच्या प्लॉटबद्दल तर कळकळीने सांगतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. कंत्राटी नोकरी असली की बँक गृहकर्जासाठी सहसा दारात उभं करत नाही, म्हणून असा माणूस गुंठ्याकडे वळतो. सामाईक सातबारा, नोटरीचा कागद, कुलमुखत्यारपत्र एवढ्यावर व्यवहार होतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे आणि शेतजमिनीचे असे तुकडे पडू नयेत म्हणूनच तो आला. त्यात पुढे सवलती येत राहिल्या. पण उद्या सवलत मिळेल या आशेवर आज पैसे मोजू नका. नुसत्या नोटरीने मालकी येत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत लागतं.

फ्लॅट घेणाऱ्याला त्या मानाने कायद्याचा आधार बरा आहे. महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, १ मे २०१७ पासून काम करतं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या, ८ हून अधिक घरांच्या प्रकल्पाला तिथे नोंदणी सक्तीची आहे. मंजूर नकाशा, जमिनीवरचा बोजा, ताब्याची तारीख हे सगळं घरबसल्या मोबाईलवर वाचता येतं. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मागितली, तर तिथूनच परत फिरा.

आता पैशांचं गणित. ५० लाखांचं, बांधकाम चालू असलेलं घर धरा. बँक साधारणपणे ८० टक्के, म्हणजे ४० लाख देईल. उरलेले १० लाख आपले. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच लाख. हप्ता सुरू व्हायच्या आधीच १६ लाख ३० हजार रुपये घरातून काढावे लागतात. त्यात पार्किंग, वकील, फर्निचर काहीच धरलेलं नाही. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का, म्हणजे ५० हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. बिल्डरकडून पूर्णत्वाचा दाखला मिळालेला फ्लॅट घेतला, तर जीएसटीही लागत नाही. मोशीत असे तयार फ्लॅट मिळतात आणि माझा कल नेहमी त्यांच्याकडेच राहील. डोळ्यांसमोर उभं असलेलं घर पारखता येतं.

आणि पारखायचं काय, तर पाणी. पिंपरी-चिंचवड शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा आहे. नव्या सोसायट्यांत टँकर फिरतात. सोसायटीच्या सचिवांना गाठून टँकरचं महिन्याचं बिल विचारा, कारण तो खर्च देखभालीच्या नावाखाली आपल्याच माथी येतो. शहराचा कचरा डेपो मोशीत आहे. कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला, तरी डेपोच्या बाजूच्या इमारतीत एक रात्र खिडकी उघडी ठेवून झोपल्याशिवाय तिथला फ्लॅट पसंत करू नका. पहिल्या पाळीला कंपनीची बस कुठे येते, चाकणच्या कोंडीत परतायला किती वेळ जातो, हेही राहूनच कळतं.

भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, असं गावाकडची मंडळी म्हणतात. त्यांची तळमळ मी जाणतो. वर्षभरात घराचे भाव वाढतील, ही भीतीही खोटी नाही. पण ११ महिन्यांचा भाडेकरार संपला की सामान उचलून निघता येतं. २० वर्षांच्या कर्जातून तसं निघता येत नाही. जूनमध्ये राहायला आलात, तर दसऱ्यापर्यंत रस्ता, नाला, नळ, तळमजल्यावरचं पार्किंग सगळं तुमच्या डोळ्यांखालून गेलेलं असेल. तोवर जवळचा किराणा दुकानदार आणि गावातले दोन-चार जुने लोकही ओळखीचे होतील. त्यांना विचारा. ते खरं सांगतात.

ज्यांनी अजून टोकनची रक्कम दिलेली नाही, त्यांनी ती यंदाचा पावसाळा बघूनच द्यावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.