आईची जळजळ : दर वेळी इन्फेक्शनच असतं का?

आजचा विषय ट्रेनमध्ये ऐकत असाल तर हेडफोन लावा, पण ऐका नक्की. पाळी गेल्यावर आई, मावशी, काकूंना लघवीचा आणि योनीमार्गाचा जो त्रास होतो, त्याबद्दल आज बोलूया.

मी लालबागच्या चाळीत वाढले. संडास गॅलरीच्या टोकाला. सारखी लघवी लागणाऱ्या बायका संध्याकाळनंतर पाणीच प्यायच्या नाहीत. जळजळ झाली की केमिस्टकडून गोळ्या आणायच्या. माझ्या मावशीचं वर्षभर हेच चाललं होतं. चार वेळा अँटिबायोटिक घेतलं, युरिन कल्चर मात्र एकदाही नाही. शेवटी केलं, तर त्यात जंतूच नव्हते!

मग जळजळ कशाची? पाळी जाते तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. योनीमार्गाची आणि लघवीच्या वाटेची त्वचा याच हार्मोनवर पोसलेली असते. ती पातळ, कोरडी, नाजूक होते. तिथले चांगले जंतू, म्हणजे लॅक्टोबॅसिलस, कमी होतात आणि आम्लता घटते. म्हणून खाज, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, घाईची लघवी. खरं इन्फेक्शनही वारंवार होऊ शकतं. 2014 साली तज्ज्ञांनी या सगळ्याला एकच नाव दिलं : जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज. अंगातून वाफा येणं बहुतेकींचं काही वर्षांत कमी होतं. हा त्रास मात्र उपचार न केल्यास सहसा वाढत जातो.

निदान कसं होतं? यासाठी वेगळी अशी रक्ताची टेस्ट नाही. डॉक्टर नीट विचारतात आणि तपासतात. पीएचची पट्टी लावली तर आकडा बहुधा 4.5 च्या वर येतो. पण दुसरी कारणंही बघावी लागतात : डायबिटीसमुळे होणारं फंगल इन्फेक्शन, त्वचेचे आजार, आणि खरंखुरं युरिन इन्फेक्शन. म्हणून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरचं सॅम्पल द्यायचं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

थांबायचं कधी नाही? थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं किंवा लघवीतून रक्त आलं तर लगेच डॉक्टर गाठा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थोडासा जरी डाग लागला, तरी तपासणी हवीच. त्यात कॅन्सर नाही ना, हे बघावं लागतं.

उपचार आहेत. मॉइश्चरायझर, लुब्रिकंट, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम. फरक पडायला काही आठवडे जातात. ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर ते आधी सांगायचं आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनाही विचारायचं.

आता तुमचं काम. आईला थेट विचारणं अवघड जात असेल तर हा एपिसोड तिला व्हॉट्सॲप करा. मोबाईलमध्ये चार गोष्टी लिहून घ्या : शेवटची पाळी कधी, त्रास कधीपासून, कोणत्या गोळ्या किती वेळा झाल्या, शुगर किती. मग परळच्या केईएम किंवा वाडिया हॉस्पिटलची स्त्रीरोग ओपीडी असो, नाहीतर जवळच्या गायनॅककडे, ही यादी पुढे ठेवा. आई लाजून जे बोलणार नाही, ते डॉक्टरांना त्यातून कळेल.

प्रश्न असतील तर नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आईचीसुद्धा!