प्रमाणपत्राआधीचा आधार

अंगणवाडीतलं तीन वर्षांचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘काही मुलं उशिरा बोलतात’ म्हणून थांबणं सोपं असतं. कधी ते खरंही ठरतं. पण बहिरेपणाही असाच दिसतो, आणि तपासल्याशिवाय फरक कळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि गरज वाटल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. मधले महिने मात्र तसेच जातात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क तर सहाव्या वर्षापासूनचा! म्हणून मुलाला मिळणारा आधार दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राआधीच सुरू व्हायला हवा.

सेविका एकटी, त्यात पोषण आहार आणि नोंदींचा ढीग, हा आक्षेप रास्त आहे. केंद्र सरकारने २०२३मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. कागदाने हात वाढत नाहीत, हेही खरं. तरी मुलासमोर बसून बोलणं, दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणं, एका वेळी एकच सूचना देणं, याला वेगळा तास लागत नाही, आणि उपयोग सगळ्याच मुलांना होतो. शिक्का बसण्याची पालकांची भीती उरतेच. निदान डॉक्टरांचं काम. सेविकेने दिसलं तेवढंच सांगावं, ‘ताई, तो चित्र अगदी नाकाशी धरून पाहतो, डोळे तपासून घेऊया.’