गुलाब अन् चॉकलेट सगळ्यांसाठी



संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. वाणात डबे, चाळण्या घरोघरी जमा होतात. पण गटातली विधवा बहीण त्या दिवशी घरातच बसते. गटाचा हप्ता भरायला ती सगळ्यांच्या आधी येते, वाणाचं बोलावणं मात्र तिला नसतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आता आपण आपल्या धारणीत काय करायचं? यंदा वाण म्हणून प्रत्येकीला एक गुलाब अन् दोन चॉकलेटं देऊ. गुलाबाला सवाष्ण-विधवा कळत नाही. तिला फूल केसांत माळावंसं वाटलं, तर माळू द्या.

फुलं आदल्या संध्याकाळी आणली, तर दांड्या तिरप्या कापून पाण्यात ठेवा. विकतच्या गुलाबावर औषध फवारलेलं असू शकतं, म्हणून त्याचा गुलकंद करू नका. चॉकलेट साधारण ३४ अंशांवर वितळतं. जानेवारीत आपल्याकडे ते टिकेल, पण उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाला मोहाचा नाहीतर तिळाचा लाडू बरा. जिला साखरेचा आजार आहे, तिला चॉकलेटाऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे द्या.

अन् एक सांगते, तिला लेकराच्या हाती निरोप धाडू नका. दोघीतिघी मिळून तिच्या दारी जा, "ताई, चाल आमच्यासंगं" म्हणा.