नाव तेच, माल कुणाचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषयही त्यांनीच दिला. म्हणाले, "तू दुरुस्तीच्या दुकानात बसतोस, तर हल्लीच्या वस्तू टिकत का नाहीत ते सांग." वर्गात उभा राहून मी धड उत्तर दिलंय असं क्वचितच झालं, हे बाईंना आठवत असेल. आज चाळीस वर्षांनी उभा राहिलोच आहे, तर नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

ज्यांची नंतर भेट झाली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दहावीनंतर मी औंधच्या आयटीआयला गेलो. मग भोसरी एमआयडीसीत एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात लागलो आणि तिथे क्वालिटी विभागात एकोणीस वर्षं काढली. मोठ्या कंपन्यांना लागणारे छोटे छोटे भाग आम्ही पुरवायचो. २००७ साली ती नोकरी सुटली आणि मी इथेच, कासारवाडीत, मिक्सर, पंखे आणि वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. म्हणजे अर्धं आयुष्य भाग पास करण्यात गेलं आणि उरलेलं तेच भाग बदलण्यात जातंय.

आपल्या लहानपणी घरात वस्तू यायची म्हणजे काय सोहळा असायचा, आठवतं का? १९८२ची एशियाड आपण सगळ्यांनी कुणाच्या तरी घरी दाटीवाटीनं बसून पाहिली. देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं होतं, पण आपल्या गल्लीतला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइटच होता. आमच्याकडे १९८४च्या दिवाळीत वडिलांच्या बोनसमधून मिक्सर आला. जवळजवळ सगळा बोनस त्यात गेला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि पहिलं वाटण केलं, तेव्हा शेजारच्या तीन काकू बघायला आल्या होत्या. तो मिक्सर 'सुमीत' होता. आजही माझ्या दुकानात फळीवर आहे आणि चालतो.

त्या सुमीतची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईत एस. पी. माथुर नावाचे इंजिनिअर होते. बाहेरून येणारे मिक्सर नाजूक कामासाठी केलेले. आपली हळद, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ म्हटलं की त्यांची मोटर जळायची. माथुरांनी १९६३ साली कंपनी काढली आणि आपल्या स्वयंपाकघराचा भार झेपेल असा दणकट मोटरचा मिक्सर बनवला. पुढे घराघरात मिक्सरला लोक 'सुमीत'च म्हणायला लागले. मग काय झालं? कुटुंबातच त्या नावावरून वाद झाला. हे नाव वापरायचा हक्क कुणाचा, हा दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९४ साली त्यावर निकाल झाला. ज्या नावावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्या नावाचे धनी कोर्टात उभे होते आणि तेवढ्यात बाजारात दुसरे मिक्सर येऊन बसले.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. आपण विश्वास ठेवला नावावर. पण पूर्वी नाव म्हणजे एक कारखाना होता, त्यातले कामगार होते, त्यांची मोजमापं होती. हळूहळू नाव वेगळं झालं आणि कारखाना वेगळा झाला.

केल्व्हिनेटरचंच बघा. आपल्या वेळी फ्रिज घ्यायचा म्हटलं की गोदरेज, ऑल्विन नाहीतर केल्व्हिनेटर. १९९५च्या सुमारास केल्व्हिनेटरचा फरीदाबादचा कारखाना अमेरिकेच्या व्हर्लपूलकडे गेला. पण केल्व्हिनेटर हे नाव होतं स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सचं. म्हणजे फ्रिज बनवणारे हात एकाकडे आणि दारावरची पाटी दुसऱ्याकडे. २००५ साली इलेक्ट्रोलक्सचा इथला धंदा व्हिडिओकॉननं घेतला, त्याबरोबर ती पाटी वापरायचा हक्कही तिकडे गेला. आणि २०२५ मध्ये ते नाव रिलायन्स रिटेलनं घेतलं. गिऱ्हाईक मात्र म्हणतं, "आमचा जुना केल्व्हिनेटर वीस वर्षं चालला, तोच द्या." तो कसा देणार?

व्हिडिओकॉन तर आपल्या मराठवाड्यातली. धूत कुटुंबाची, औरंगाबादजवळ चितेगावला मोठा कारखाना. 'रामायण' लागायचं त्या काळात कितीतरी घरांतला पहिला रंगीत टीव्ही त्यांचा होता. २०१० पासून काही वर्षं भारतात फिलिप्सच्या नावाचे टीव्हीसुद्धा व्हिडिओकॉनच विकत होती. दुकानात लोक दोन्ही टीव्हींसमोर उभे राहून यातला कुठला चांगला म्हणून वाद घालायचे! २०१८ साली कर्जापायी ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तुमच्या घरात त्यांचं मशीन असेल तर पार्ट मिळवताना माझी आणि तुमची काय दमछाक होते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता जुन्याचं फार कौतुकही करत नाही, कारण मी त्या वस्तू उघडून पाहिल्यात. जुन्या टीव्हीला महिन्याआड मुंग्या यायच्या आणि आपण गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचो. जुने फ्रिज वीज खायचे. वीजबचतीचे तारे २००६ साली आले, त्यानंतर फ्रिज आणि एसी खरंच सुधारले. आणि आज ज्या जुन्या वस्तू चालताना दिसतात, त्या टिकल्या म्हणून दिसतात. ज्या टिकल्या नाहीत त्या कधीच भंगारात गेल्या. शिवाय किमतीचं बघा. वडिलांचा बोनस गेला त्या वस्तूला आज आपल्या मुलाचे दोन-तीन दिवसांचे पैसे पुरतात. स्वस्त झालं, घरोघरी पोचलं, आईच्या हातातला पाटा-वरवंटा सुटला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट नक्की बिघडली, ती म्हणजे वस्तू उघडून दुरुस्त करायची सोय. जुन्या फ्रिजची जाळी मागे उघडी असायची. गॅस गळाला तर तिथल्या तिथे डाग मारता यायचा. आता बऱ्याच फ्रिजची नळी बाजूच्या भिंतीत, फोमच्या आत पुरलेली असते. गळाली तर मी हात लावू शकत नाही. वॉशिंग मशीनचा टायमर खोलून साफ करता यायचा, आता आख्खं पीसीबी बदला. आणि त्या पीसीबीची किंमत ऐकली की गिऱ्हाईक म्हणतं, "मग नवीनच घेतो."

लोक मला विचारतात, "कंपन्या हे मुद्दाम करतात ना?" असं एकदा खरंच झालंय. १९२४ साली जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलं, की बल्ब हजार तासांच्या वर चालायला नको. जास्त टिकणारा बल्ब बनवला तर दंड! पण मी ज्या कारखान्यात होतो तिथे असा कुणी कट केला नव्हता. तिथे काय झालं, ते आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगतोय.

मिक्सरचं भांडं खाली ज्याच्यावर बसतं तो काळा दात्यांचा तुकडा असतो ना, त्याला कपलर म्हणतात. मोटरच्या दांड्यावर तो उलट्या आट्यांनी बसतो. आम्ही एका नामवंत कंपनीसाठी तो बनवायचो. नाव घेत नाही, घ्यायची गरज नाही. त्याच्या पोटात एक पितळी बुश असायची, आटे त्या पितळेत कापलेले. कंपनीकडून दरवर्षी पत्र यायचं, की यंदा भाव इतके टक्के कमी करा. पहिल्या वर्षी आम्ही पॅकिंग स्वस्त केलं. दुसऱ्या वर्षी नव्या दाण्यात जुनं दळलेलं प्लास्टिक थोडं मिसळलं. २००३ साली कमी करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा कुणीतरी सुचवलं, की बुश काढा, आटे प्लास्टिकमध्येच येऊ द्या. नगामागे पावणेदोन रुपये वाचत होते.

आम्ही नमुने चालवून पाहिले. चाचणीत पास झाले. चाचणी जेवढ्या तासांची होती तेवढे तास ते टिकत होते, हे खोटं नव्हतं. पण मला माहीत होतं, की घरात भांडं अडकतं, बाई तसंच बटण फिरवतात, त्या झटक्याला पितळ टिकेल, प्लास्टिक वर्ष-दोन वर्षांत झिजेल. साहेबांनी कागद पुढे केला. त्यांचं म्हणणं होतं, "तू सही केली नाहीस तर ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाईल." तेही खरंच होतं. आमच्याकडे साठ माणसं होती. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. मी सही केली.

दुकान टाकल्यावर दुसऱ्याच वर्षी आपल्या एका वर्गमैत्रिणीची आई मिक्सर घेऊन आली. मोटर फिरते, भांडं फिरत नाही. काकू म्हणाल्या, "चांगल्या कंपनीचा आहे रे, मुद्दाम जास्त पैसे देऊन घेतला." मी कपलर काढला. आटे साफ गेलेले. उलटा करून पाहिला तर मागे आमच्याच साच्याचा नंबर. मी नवीन बसवला, साठ रुपये घेतले आणि म्हटलं, "होतं असं काकू, वापरानं झिजतं." त्या मला 'गुणी आहेस' म्हणून गेल्या. ती मैत्रीण आज इथे बसली आहे. काकूंना सांगायचं राहून गेलं, म्हणून तुला सांगतो. ते वापरानं झिजलं नव्हतं.

त्यानंतर तसे किती कपलर बदलले, मोजले नाहीत. म्हणून जेव्हा कुणी दुकानात येऊन कंपन्यांना शिव्या घालतं, तेव्हा मी गप्प असतो. कंपनी कंपनी म्हणतो ती कोण? भाव कमी करा म्हणणारा खरेदी अधिकारी, सही करणारा माझ्यासारखा, आणि दुकानात दोनशे रुपयांसाठी दुसरा डबा उचलणारं गिऱ्हाईक. आपल्यातले बरेच जण याच पट्ट्यात नोकऱ्या करून निवृत्त होताहेत. कित्येकांची मुलं चाकण, रांजणगावला आहेत. रांजणगावला तर एलजी, व्हर्लपूल, हायर सगळ्यांचेच कारखाने आहेत. वस्तू कुठल्या परक्या देशात बिघडत नाही, तिचा काही भाग आपल्याच हातून जातो.

कार्यानुभवाच्या तासाला सर आपल्याला प्लगला वायर जोडायला लावायचे. जोडून झालं की तपासताना वायर जोरात ओढायचे. सुटली तर शून्य. मी एकदा म्हटलं, "सर, दिवा तर लागतोय!" सर म्हणाले, दिवा लागणं आणि वायर घट्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर, आमच्या चाचणीत दिवा लागत होता. मी वायर ओढून पाहिली नाही.

आता कामाचं सांगतो, म्हणजे संयोजक दहा मिनिटं वाया गेली म्हणणार नाहीत. वस्तू घेताना पुढचं नाव वाचता तसं मागचं लेबलही वाचा. उत्पादक कोण आणि विकणारा कोण, हे तिथे लिहिलेलं असतं. दुकानदाराला विचारा, की पाच वर्षांनी पार्ट कुठे मिळेल. मोटरचं वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, हेही विचारा. वॉरंटी आख्ख्या वस्तूची की नुसत्या मोटरची, ते बघून घ्या आणि बिल जपून ठेवा. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलंय. पार्ट आणि सर्व्हिसची माहिती मिळवायला त्याचा उपयोग होतो, मुलांना बघायला सांगा. आणि वस्तू टाकून देण्याआधी एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवा. माझ्याकडेच आणा असं नाही, पण आणलीत तर चहा आहे.

आणि जे अजून नोकरीत आहेत, किंवा ज्यांची मुलं क्वालिटीत आहेत, त्यांना एकच विनंती. असा कागद समोर आला तर एकदा तरी लेखी हरकत नोंदवा. ऑर्डर जाईल, न जाईल. मी ती नोंदवली नाही, म्हणून सांगतोय.

आमच्या आईचा सुमीत मी सोबत आणलाय, बाहेर टेबलावर ठेवलाय. त्याचा कपलर काढून बाजूलाच ठेवला आहे. आत पितळ आहे. जेवणाला जाताना बघून जा.